कुंकू न लागलेली बॅट

केरबानं बॉल सणसणीत टोलवला. मग बॅट अलगद जमिनीवर ठेवली, तिला हात लावून तो कपाळाला लावला आणि पळत सुटला. तोवर बॉल पहिल्या बेसवर पोचलासुद्धा. आउट!

"मारतो झकास, मग मध्येच नमस्कार कुणाला करतो?" अमेरिकन सार्जंटनं मला विचारलं. मला कारण माहीत होतं. सांगायची लाज वाटली.

दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. मी देहूरोडच्या लष्करी डेपोत वुड शॉपमध्ये टर्नर होतो, म्हणजे लेथवर लाकूड गोल करणारा. ट्रकांच्या कामावर आलेल्या या सार्जंटनं आम्हा कामगारांची बेसबॉल टीम काढली. खेळाडू नऊ, तरी नाव 'डेपो इलेव्हन'. क्रिकेटची सवय, दुसरं काय! मॅच त्याच्या सोल्जरांशी. बॅटी मी केल्या, धामणीच्या. कुऱ्हाडीच्या दांड्याचं हे लाकूड लवतं, पण सहसा मोडत नाही.

खेळाचं मला मोठं कुतूहल. चार कोपऱ्यांना चार बेस. बॉल मारला की बॅट टाकायची आणि पळायचं. सगळे बेस फिरून परत आलं की एक रन. बॅट घेऊन का पळत नाहीत, हे मी सार्जंटला तीनदा विचारलं. "ओझं कशाला?" एवढंच तो म्हणाला.

घोळ माझाच होता. बॅटी तयार झाल्या त्या नेमक्या खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. शॉपमध्ये हत्यारं पुजली, तेव्हा करवत-रंध्याच्या शेजारी मी बॅटीही मांडल्या. हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. तेव्हापासून एकही गडी बॅट टाकेना. तीन मॅच झाल्या, आमचे रन शून्य.

डेपोच्या कॅप्टन साहेबांनी मला बोलावलं. मोडकंतोडकं इंग्रजी येणारा मीच.

"ते ग्राउंड मला लॉऱ्यांना हवंय. रविवारी एक तरी रन दाखवा. नाहीतर टीम बंद."

केरबा जवळच्या इंदुरी गावचा. दिवसभर डेपोत पेट्या उचलायचा आणि संध्याकाळच्या खेळाची वाट बघायचा. माझ्यापायी त्याचा खेळ जाणार, हे मला फार लागलं.

"केरबा, टाकायची रे बॅट. खेळाचा नियमच आहे."

"मिस्त्री, पुजल्यालं हत्यार भुईवर फेकू व्हय? कुकू तर तुमीच लावलंत."

केलेली पूजा मागे घेता येत नाही. मी धामणीचा नवा दांडा लेथवर चढवला.

रविवारी ती बॅट त्याच्या हातात दिली. "हिला कुंकू लागलेलं नाही. नुसतं लाकूड आहे."

त्यानं उलटसुलट करून पाहिली. "मंग फुडल्या खंडेनवमीला?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. आज टाक."

केरबानं मारला, बॅट भिरकावली आणि असा पळाला की सार्जंटच ओरडायला लागला. चारी बेस फिरून आला. एक रन! आणि दम खात आधी गेला तो बॅटीपाशी. माती पुसली, नमस्कार केला.

मॅच आम्ही हरलो. टीम वाचली, पण सोल्जरांची बदली होईपर्यंतच. पुढच्या खंडेनवमीला टीम नव्हती. ती बॅट केरबानंच पाटावर ठेवली. मी कुंकू लावलं.

कुणी काही करून मागितलं, की हातात कसं धरणार हे मी आधीपासून विचारायचोच. त्यानंतर खाली कसं ठेवणार, हेही विचारू लागलो.