मुरमांच्या गोळ्या आणि बाबांचं खोटं दुखणं

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरायला कळमेश्वरचे पाहुणे आमच्या प्रताप नगरच्या घरी आले होते, आणि त्या दिवशी माझ्या हनुवटीवर एकही मुरूम नव्हता. तिशीला टेकलेल्या मुलीसाठी ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज कुणाला सांगून पटायचं नाही...

कॉलेज संपून वर्षं झाली तरी माझे मुरूम काही संपले नव्हते. जबडाभर, मानेपर्यंत, लाल, ठणकणारे. मसूर डाळीचं पीठ झालं, कडुनिंब झाला. "लग्न झालं की जातात" असं भेटेल ती बाई सांगायची... आणि लग्न अडलं होतं ते मुरमांमुळेच!

शेवटी धंतोलीतल्या एका स्किनच्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या. गोळ्या खरं तर हृदयाच्या पेशंटच्या, अंगावरची सूज उतरवायच्या. पण बाईच्या अंगातही थोडा पुरुषी हार्मोन असतो, ह्या गोळ्या त्याला अडवतात आणि मुरूम थांबतात, असं त्यांनी समजावलं.

सारखी लघवी लागायची, उठलं की गरगरायचं, पाळी मागेपुढे व्हायची. पण चेहरा साफ होत गेला... आरशात बघायची सवय मला नव्याने लागली.

एक गोष्ट मात्र त्यांनी आईसमोर बजावली होती. गोळ्या चालू असताना दिवस जाता कामा नयेत. पोटात मुलगा असला तर त्याच्या शरीराची घडण बिघडू शकते. "लग्न ठरलं की आधी माझ्याकडे या, गोळ्या बंद करून काही महिने जाऊ देऊ," असं त्या म्हणाल्या होत्या.

तर त्या दिवशी होणाऱ्या सासूबाई पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आल्या, आणि फळीवरची गोळ्यांची पट्टी त्यांच्या नजरेला पडली. त्यांचे यजमान हृदयविकारानेच गेले होते. पट्टी हातात घेऊन म्हणाल्या, "काहून वं विहीणबाई, ह्या कोनाच्या? आमच्या ह्यायलेबी ह्याच गोळ्या होत्या."

पोरीच्या अंगातल्या पुरुषी हार्मोनच्या गोळ्या आहेत, असं कुठली आई विहिणीला सांगेल? आई म्हणाली, "आमच्या ह्यांच्या आहेत. छातीचा त्रास आहे." बाबा तेव्हा बाहेरच्या खोलीत मजेत चिवडा खात होते.

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंग उशीर नोका करू. बापाच्या डोळ्यासमोर पोरीचं लगन होऊन जाऊ द्या." घरात बरंवाईट झालं तर वर्षभर मंगलकार्य नाही, म्हणून साक्षगंध आणि लग्न एकदमच, त्याच महिन्यात ठरलं. त्या बाईच्या मनात काडीची खोट नव्हती... मला अजून सगळ्यात जास्त त्याचाच त्रास होतो.

पाहुणे गेल्यावर मी गोळ्या फेकायला निघाले. आईने हात धरला. "आता बंद केल्या अन् मांडवात तोंड फुटलं तं? हळदीवरी घे माय, पाया पडतो तुह्या." मी भांडले, रडले... आणि हळदीपर्यंत घेतल्या. इतकी स्थळं चेहऱ्यावरून परत गेलेली बघितल्यावर माणसाची ताकदच संपते.

बाबा आधी संतापले. मग मांडवात पाहुण्यांसमोर मुकाट्याने छातीवर हात ठेवून, अळणी जेवण जेवत बसून राहिले.

नवऱ्याशी धड ओळख नव्हती, त्याला "थांबा" कुठल्या तोंडाने सांगणार? पहिल्याच महिन्यात दिवस राहिले. आणि मुरूमही परत आले. "हिचे तं लग्नानंतर वाढले," असं नणंद हसून म्हणाली, तेव्हा मीही हसले.

माहेरी आले तेव्हा आईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, गोळ्या वेळेत थांबल्या आहेत, बहुतेक काही होणार नाही. पण खात्री देता येत नाही. "आणि मुलगी असली तर?" मी विचारलं. "मग ही भीती नाही," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून सासरचं सगळं घर मुलासाठी नवस बोलत होतं आणि मी एकटी मुलगी मागत होते. कुणाजवळ बोलायची सोय नव्हती. असलं मागणं ऐकून लोकांनी मला वेडीच ठरवलं असतं.

डोहाळजेवणात दोन वाट्या झाकून ठेवल्या. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी उचलली त्या वाटीत पेढा होता. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि तो पेढा मला सगळ्यांसमोर खावा लागला...

बाळंतपणाच्या खोलीत नर्स हळू आवाजात म्हणाली, "मुलगी आहे." माझा बांध फुटला. हुंदके देऊन देऊन रडले मी. सासूबाई केसांवरून हात फिरवत राहिल्या. "नोको रडू वं. पुढच्या खेपेले पोरगा होईन." आई दाराशी तोंडाला पदर लावून उभी होती.

"तू झालीस तेव्हा तुझी आई फार रडली होती" हे वाक्य माझ्या लेकीने आमच्या घरात लहानपणापासून ऐकलंय. कधी थट्टेत, कधी सांत्वन म्हणून. तिने मला कधी काही विचारलं नाही, आणि आई-सासूबाई असेपर्यंत मला तोंड उघडता आलं नाही. आता दोघीही नाहीत.

आज तिचा वाढदिवस. हो गं, रडले होते... नऊ महिने देवाकडे तुलाच मागत होते, आणि तूच आलीस, म्हणून.