मॉनिटरवरचं संत्रं

अमरावतीत माझं झेरॉक्सचं दुकान होतं, आणि शेजारच्या गाळ्यात भाई डिझाइनचं काम करत. शेंदूरजनाघाटच्या व्यापाऱ्यांच्या संत्रापेट्यांची लेबलं तेच बनवत. त्यांच्या मॉनिटरच्या डोक्यावर कायम एक संत्रं ठेवलेलं असे. कोणी हात लावला की भाई खेकसायचे, "नमुना हाये तो, नाश्ता नाई!"

चित्रं करायचं त्यांचं सॉफ्टवेअर फुकटचं होतं, देशोदेशीच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेलं. तरी दर मोसमातल्या पहिल्या लेबलाची भवानी भाई त्या लोकांना पाठवत. तीही कापूस मातीमोल झालेल्या, बाजार ओस पडलेल्या त्या वर्षांत. मला रागच यायचा.

"फुकटाच्या वस्तूले पैसे कावून देता, भाई?"

"फुकट आपल्याले हाये. बनवणाऱ्याइले पोट हायेच ना!"

दुखणं एकच होतं. पडद्यावरचं केशरी संत्रं कागदावर विटकरी उतरायचं. भाई तोडक्यामोडक्या इंग्रजीत त्या लोकांना कळवत. ते दुरुस्ती करून पाठवत. भाई लेबल छापत, संत्र्याशेजारी धरत आणि परत लिहीत, अजून जमलं नाही. कितीतरी संत्री त्या मॉनिटरवर सुकली, पण भाई हटले नाहीत.

एका दुपारी त्यांची आरोळी ऐकून मी धावलो. पडदा, ताजं लेबल आणि संत्रं, तिन्हींचा रंग एकच होता! भाईंनी ते संत्रं सोललं आणि अर्धं माझ्या हातात कोंबलं.

"नमुना?" मी विचारलं.

त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "आता त्याच्यात हाये. तू खाय!"