अल्काचा सत्कार

आमच्या गावाला लागून एक लहानसं विमानतळ आहे. सालेकसा-देवरीकडच्या जंगलातला एखादा अत्यवस्थ रुग्ण नागपूरला न्यायचा असला की तिथून विमान उडतं. एरवी शिकाऊ वैमानिकांच्या घिरट्या चालू असतात. तिथल्या अग्निशमन गाडीवर सेवकराम मेश्रामांची अल्का नोकरीला लागली, तेव्हा गावाला तिचं फार कौतुक वाटलं. सरावात विमानाचा जळता सांगाडा विझवायला सगळ्यांच्या आधी तीच धावायची.

ऐन रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या दिवसांत, भर दुपारी एक विमान धावपट्टीवरून घसरलं आणि कुंपण तोडून धानाच्या बांधीत, चिखलानं भरलेल्या खाचरात, नाक खुपसून थांबलं. गाडी लगेच पोहोचली. अल्का पाइप घेऊन उतरली. विमानाच्या नाकातून धूर निघत होता, पेट्रोलचा वास सुटला होता आणि आतून एक मुलगी किंचाळत होती, "दार उघडत नाहीये!"

सरावातला सांगाडा कधी ओरडला नव्हता. अल्का जागच्या जागी थिजली.

"अल्का, फोम मार!" पंपाशी उभा असलेला तिचा सहकारी गजेंद्र ओरडला. तिला ऐकू आलं, पण हात उचलला गेला नाही.

शेजारच्या बांधीत बाया रोवणा करत होत्या. त्यांच्यातली गीताबाई हातातली पऱ्ह्याची रोपं टाकून चिखलातून धावली. मागून आणखी दोघी आल्या. तिघींनी हिसके देऊन दार उघडलं आणि मुलीला ओढून शेताच्या कडेला धुऱ्यावर आणलं. तापलेल्या पत्र्यानं गीताबाईचा हात कोपरापर्यंत भाजला. त्यानंतर कुठे अल्कानं फोम मारला, रिकाम्या विमानावर. नेमका तोच फोटो कुणीतरी काढला.

दुसऱ्या दिवशी पेपरात अल्का होती. शिकाऊ वैमानिक तरुणीचे प्राण वाचवणारी गावची लेक.

"बाबा, मी नाही काढलं तिले," ती घरी म्हणाली.

"मोठ्या मनाची हायस, बाई," सेवकराम म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले आणि तिचं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं.

गजेंद्रला सगळं ठाऊक होतं. तो म्हणाला, "जाऊ दे. नाव तर आपलंच झालं."

समाजमंदिरात सत्कार झाला. सरपंचांनी शाल घातली, तेव्हा पुढच्या रांगेत सेवकराम डोळे पुसत होते. बायांच्या रांगेत गीताबाई बसली होती. हाताला फडकं गुंडाळलेलं, म्हणून दुसऱ्या हातानं मांडीवर थाप मारून ती टाळ्यांना साथ देत होती. अल्काला वर बघवेना. आता बोलावं, आता बोलावं म्हणता म्हणता सभा संपली.

बरी होऊन ती मुलगी, निशा, पेढे घेऊन आली आणि अल्काच्या पायांशी वाकली. अल्का झटकन मागे सरली.

"माझ्या पाया पडू नका. तुम्ही आत ओरडत होत्या, अन् मी पाइप धरून नुसती उभी होते."

निशाला काही कळेना. "मग मला बाहेर कोणी काढलं?"

"चला."

गीताबाई बांधीत तण निंदत होती. निशाला पाहून ती सरळ झाली. "हेच का ते पोरगी? आता बरी हायस ना?"

तिच्या हातावरची लालसर, आक्रसलेली कातडी पाहून निशा रडायला लागली.

"रडू नको वो. तू जगलीस, झालं."

अल्कानं विचारलं, "काकू, त्या दिवशी सभेत तुम्ही काऊन नाही बोलल्या?"

"तुहा बाप रडून राहिला होता. त्याच्यासमोर का बोलू?" मग तिनं थेट विचारलं, "पण तू हाललीस काऊन नाही?"

"भेव लागलं, काकू."

"मंग तेच सांगाचं होतं."

त्या संध्याकाळी अल्कानं ते सांगितलं. आधी बापाला, मग विमानतळावरच्या साहेबांना. सेवकराम बरेच दिवस तिच्याशी बोलले नाहीत. चौकात पोरं तिला 'उभी मॅडम' म्हणू लागली. ती खालमानेनं त्यांच्यासमोरून जायची.

नोकरी टिकली. सरावाच्या वेळी ती आता गजेंद्रला सांगाड्यामागे बसवून ओरडायला लावते. त्यानंतर अपघात झालेला नाही, त्यामुळे वेळ आली तर आपण धावू की नाही, हे तिला अजून ठाऊक नाही.

मात्र साहेबांच्या मागे लागून तिनं एक गोष्ट करवून घेतली. यंदा रोवण्याआधी आजूबाजूच्या शेतांतल्या बायांना तळावर बोलावलं, आणि विमानाचं दार बाहेरून कसं उघडायचं, पट्टा कसा सोडायचा, हे तिनं स्वतः दाखवलं. मध्येच दुसऱ्या गावच्या एका बाईनं विचारलं, "तो पेपरातला फोटो तुमचाच ना? पोरगी तुम्हीच काढली ना?"

अल्काचे कान तापले. "फोटो माझा. पोरगी यांनी काढली," ती म्हणाली, आणि दाराचा खटका गीताबाईच्या हाती देऊन बाजूला झाली.