मृदंग नसताना उठलेली कॉफी

परदेशी वाद्यवृंदाबरोबर केलेलं आधुनिक कॉन्चेर्टोचं, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेचं, रेकॉर्डिंग मी तंजावूरला घरच्यांना ऐकवलं. काका कर्नाटक संगीताच्या सभेतल्यासारखे मांडीवर ताल धरून बसले. ठेका सारखा बदलत होता, त्यामुळे त्यांचा हात हवेतच अडकला. मग रचनेत ठरल्याप्रमाणे वाद्यवृंद थांबला आणि माझं एकटीचं व्हायोलिन सुरू झालं. सभेत मृदंग एकटा वाजू लागला की आमची माणसं कॉफीला उठतात. त्याच सवयीनं सगळे स्वयंपाकघरात गेले. वर्षभर घोटलेली ती चार मिनिटं मी पंख्यासोबत ऐकली. वाद्यवृंद पुन्हा दणाणला तेव्हा काका कॉफीचा टंबलर घेऊन परतले.

“मध्येच एकटी पडलीस,” ते मायेनं म्हणाले, “पण त्या लोकांनी सांभाळून घेतलं तुला.”