दरबारातला पहारेकरी

"अजून जरा साफ दिसायला हवं होतं," असं म्हणत काकू टीव्हीची काच पदराने पुसायच्या. काच स्वच्छच असायची. अशी माणसं तुमच्याही शेजारी असतील. या आमच्या सोनागिरी वसाहतीतल्या, समोरच्या घरातल्या.

त्यांचे यजमान कारखान्यात होते. मुलगी रांगत असतानाच गेले. हलते-चालते ते एकाच ठिकाणी उरले होते: मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातल्या ऐतिहासिक नाटकाच्या चित्रणात. दरबारातले पहारेकरी. संवाद एकही नाही.

"पण उभे कसे राहिलेत बघ!" काकू म्हणायच्या.

त्या चित्रणाच्या कॅसेटवरून डिस्क करून घेतल्यावर घरात पसारा नको म्हणून त्यांनी कॅसेट भंगारवाल्याला देऊन टाकली. डिस्कवरचे चेहरे मात्र धुरकट.

पुढे कोणीतरी सांगितलं, नवे प्लेअर जुनं चित्र सुधारून दाखवतात. काकूंनी प्लेअर घेतला, मोठा टीव्हीही घेतला. जोडणीच्या वेळी मी तिथेच होतो. पडदा, झुंबर, राजाची तलवार, सगळ्यांच्या कडा एकदम ठळक झाल्या. चेहरे तेवढे मेणासारखे गुळगुळीत.

"यांच्या गालावर देवीचे व्रण होते," काकू पुटपुटल्या. "ते कुठे गेले?"

दुकानातून आलेला माणूस अदबीनं म्हणाला, "अम्माजी, डिस्क में जो उतरा ही नहीं, वो मशीन कहाँ से लाएगी? असली कैसेट हो तो दीजिए, उससे अच्छी कॉपी बन जाएगी."

काकूंनी त्याला चहा दिला. तो गेल्यावर म्हणाल्या, "माझ्याच हातानं दिली रे. रद्दीबरोबर. त्यानं तिचं वजनसुद्धा केलं नाही."

तरी त्या मला बोलवायच्या. "ये, बस. आले बघ ते!" मग सांगायच्या, पगडी मोठी होत होती म्हणून आत कागद कोंबलाय, मिशी घामानं सुटतेय म्हणून ओठ घट्ट मिटलेत. चित्रात यातलं काहीच नसायचं. त्या बोलत असेपर्यंत मला ते दिसायचं.

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. तेराव्याचे पाहुणे पांगल्यावर इंदूरहून आलेल्या मुलीनं डिस्क लावली आणि मला हाक मारली. दरबार उजळला. एकसारख्या पगड्या, एकसारख्या मिशा, रांगेत पहारेकरी.

"दादा, तुम्ही आईबरोबर बसायचात ना? मला कधी वेळच झाला नाही," ती म्हणाली. "यातले बाबा कोणते?"

मी चित्र थांबवायला सांगितलं. टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन एकेक चेहरा पाहिला. मला सांगता येईना.

तिनं डिस्क पुन्हा सुरुवातीपासून लावली.