साबणाच्या डब्यातला ठेचा

आमच्या दुकानात कचरा साठू नये म्हणून आम्ही जिवाचं रान करतो. साठतात ते किस्से! शटर ओढायच्या वेळी कुणीतरी "आज काय झालं माहितीये का" म्हणतं आणि शटर तसंच अर्धवट राहतं. मित्रांना सांगायला जावं, तर ते म्हणतात, "तू हे बनवून सांगतेस." बनवता आलं असतं तर मला एवढे धक्के बसले नसते!

दुकान गुलमंडीत आहे, कापडाच्या दोन दुकानांच्या मधे चेपलेलं. मोठ्या ड्रमना नळ लावलेत: भांड्यांचं लिक्विड, शाम्पू, फिनेल. घरून बाटली आणायची, भरून न्यायची. बाटली नसेल तर आमचा स्टीलचा कडीचा डबा न्यायचा आणि नंतर आणून द्यायचा. प्लास्टिकची नवी बाटली कुणी विकत घ्यायचीच नाही, एवढाच आमच्या दुकानाचा धर्म. मी हे नेदरलँड्सला जाऊन शिकून आले. वडील देवगाव रंगारीत पाहुण्यांना सांगतात, "पोरगी पर्यावरणात आहे." दुकानात आहे असं सांगत नाहीत.

माझ्यासोबत शबानाआपा असतात. सिल्लोडच्या. बचत गट चालवून चालवून आवाज खणखणीत झालेला. आणि समोर खुर्ची टाकून बसलेले जागेचे मालक, नारायणशेठ. त्यांनी जागा देतानाच सांगून टाकलं होतं, "दिवाळीपर्यंत बघतो. लोक डबे घेऊन यायला लागले तर जागा तुमची. नायतर धनत्रयोदशीला चावी माझ्या हातात. आमच्या गोविंदाला इथं डिस्पोजेबलचं दुकान टाकायचंय."

डिस्पोजेबल! माझ्या ड्रमच्या जागी प्लास्टिकचे ग्लास!

गोविंदा म्हणजे त्यांचा पुतण्या. दुकान उघडल्याच्या दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन हजर. मी एका बाईंना शाम्पू भरून देत होते आणि हा माझ्या मागून भिंत मोजत होता.

"ताई, जरा सरका. तुम्ही मापात येताय!"

*

पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. दाराशी उभं राहून त्यांनी आमची पाटी मोठ्यानं वाचली: 'रिकामी बाटली आणा, भरून न्या.' मग शेजारच्या टपरीवर गेले, पाण्याची सीलबंद बाटली विकत घेतली, झाकण उघडलं आणि सगळं पाणी आमच्या पायरीवर ओतून दिलं!

आपलं शहर हे! नळाला पाणी आलं की अख्खी गल्ली एकमेकांना फोन करते, त्या शहरात!

"अहो काका, हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"रिकामी आणा असं तुम्हीच लिहिलंय की," त्यांनी बाटली पुढं केली. "घरी एक बी रिकामी नव्हती."

*

सुट्टीला घरी गेले तेव्हा आईला आमचे दोन डबे नेऊन दिले. पुढच्या खेपेला पाहते तर डबे कपाटात, दोन्ही प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेले, वर रबर बँड!

"आई! हे प्लास्टिक कशाला?"

"नवं भांडं हाय, चरे पडतील."

"अगं, पण वापरायला दिलेत ना?"

"वापरीन की. तुझ्या लग्नात."

मी आलेच होते प्लास्टिक बंद करायला, आता लग्नाचाही विषय निघाला. पिशव्या तशाच ठेवून परतले.

*

आता ठेच्याचं.

डबे न्यायला लोक तयार असायचे, ते परत कसे येतात हीच खरी परीक्षा होती. एक दिवस औरंगपुऱ्यातल्या जोशीकाकू डबा घेऊन आल्या. मला एवढा आनंद झाला की मी दोन्ही हात पुढं केले. डबा जड लागला. झाकण काढलं.

हिरव्या मिरचीचा ठेचा!

"काकू, यातून तुम्ही भांड्यांचं लिक्विड नेलं होतं!"

"मग? चांगला घासून घेतलाय."

"पण साबण होता यात!"

"साबणच होता ना? मग डबा घासायला वेगळं काही लागतं का गं?"

मी शबानाआपांकडं बघितलं. त्यांनी डब्यात भाकरी बुडवलेली होती.

"आपा!"

"कायको चिल्लाती बेटा? खाली बर्तन कोई लौटाता क्या?" त्या म्हणाल्या. "सिल्लोडला बी असंच. शेजारणीचं भांडं रिकामं नाय पाठवत. चिमूटभर साखर तरी टाकायची."

आणि मग सगळेच डबे तसे यायला लागले. शेंगदाण्याची चटणी. भिजवलेली मटकी. एका डब्यात नुसता गूळ. आम्ही जेवणाचे डबे आणणंच सोडून दिलं. नारायणशेठ समोरून सगळं बघत होते.

"रिकाम्या भांड्यांचं दुकान काढलंस पोरी," ते म्हणाले, "आन लोक भरलेली आणून देतायत. ह्याला धंदा म्हणायचं का अन्नछत्र?"

*

ते वाक्य मला लागलं. त्याच दिवशी मी ठसठशीत अक्षरांत नवी पाटी लावली: 'कृपया डबा रिकामाच परत द्यावा.'

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. तिसऱ्याही नाही. आठवडा उलटला, एकही डबा परत येईना. आमच्याकडचे डबे संपले, नवीन गिऱ्हाईक हात हलवत परत जाऊ लागलं. दिवाळी तोंडावर! मी धावत जोशीकाकूंकडं गेले. डबा त्यांच्या ओट्यावर होता, घासूनपुसून, चकचकीत.

"काकू, द्या ना मग तो!"

काकूंचा चेहरा पडला. "असा कसा देऊ? तुम्ही रिकामाच मागताय. मला ते जमेना."

"म्हणजे कुणीच देणार नाही?"

"देतील की. काही बरं केलं घरात की देतील. तुमची पाटी काढा आधी."

मी दुकानात पोचले तेव्हा शबानाआपांनी पाटी फाडून तिच्यावर चहाचे कप ठेवले होते. पण तोवर फार उशीर झालाय, असंच मला वाटत होतं.

*

धनत्रयोदशीची सकाळ. नारायणशेठ दारात, मागं गोविंदा. गोविंदाच्या खांद्यावर प्लास्टिकच्या ग्लासांचं भलंमोठं पोतं. त्यानं ते माझ्या ड्रमला टेकवून ठेवलं.

मी चावी दिली. शेठनी ती बंडीच्या खिशात टाकली.

तेवढ्यात पायरीवर जोशीकाकू! हातात डबा, डब्यात करंज्या. त्यांच्या मागं आणखी दोघी, त्यांच्या मागं कोपऱ्यापर्यंत रांग. शंकरपाळे, शेव, अनारसे, चकल्या, सगळं आमच्याच डब्यांत! शबानाआपा पेपर पसरून फराळ ओतून घेत होत्या आणि ओरडत होत्या, "एकेक करके! एकेक!"

"आता लिक्विड भर की गं लवकर," जोशीकाकू म्हणाल्या. "दिवाळीची भांडी कोण घासणार?"

मी भरत सुटले. गोविंदाचं पोतं दोनदा लोकांच्या पायात आलं. शेवटी त्यालाच ते उचलून धरून उभं राहावं लागलं. शेठ खुर्चीवर बसून रांगेकडं बघत होते. कधीतरी उठून गेले, मला कळलंच नाही.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा ते परत आले. हातात आमचाच एक कडीचा डबा.

"घरात राहिला होता. हिनं दिलाय." टेबलावर ठेवला आणि पायऱ्या उतरायला लागले.

आत पोह्यांचा चिवडा. शबानाआपांनी मूठ घातली आणि हात तसाच थांबला. शेंगदाणे, खोबऱ्याचे काप आणि त्यांच्यामधून वर आली दुकानाची चावी!

मी धावत दारात गेले. "काका! अहो, तुमची चावी राहिलीये यात!"

शेठ थांबले नाहीत. वळलेही नाहीत.

"चिवडा संपला की डबा भरून ठेव," ते म्हणाले. "आमच्याकडलं लिक्विड संपलंय."