बॅटरीच्या पेटीचं कुलूप

पनवेलच्या ट्रॅक्टर एजन्सीत दुरुस्तीच्या नोकरीला लागताना शेठनी माझी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली. ठरावीक वर्षं नोकरी सोडायची नाही असा बाँड होता; तो संपेपर्यंत ती त्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात राहणार होती. नव्वदच्या दशकात ही पद्धत सर्रास होती आणि तिच्यात कुणाला वावगं वाटत नसे. माझी राहण्याची खोली शोरूमच्या मागेच होती. खिडकी वर्कशॉपमध्ये उघडायची.

मुंबईतल्या एका दैनिकाच्या उपसंपादकपदाच्या परीक्षेत मी पास झालो. रुजू होताना मूळ कागद दाखवणं आवश्यक होतं. मुदत महिनाअखेरची होती.

शेठ थेट नाही म्हणाले नाहीत. "जासईचा ट्रॅक्टर नीट कर. पुन्हा कम्प्लेंट आली नाही, तर कपाट उघडतो."

तो ट्रॅक्टर परदेशी होता, न्हावा शेवा बंदरात उतरलेला. त्या जातीचा आमच्याकडे तो एकच. त्याची नांगर उचलणारी हायड्रॉलिक लिफ्ट सीटखालच्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरवर चालायची. बटण दाबलं की कंट्रोलर व्हॉल्व्हला वीज देई, व्हॉल्व्ह तेल सोडी आणि लिफ्ट उठे. कंट्रोलर जळला की नांगर असेल तिथेच राही. इंजिन चालू, चाकं फिरताहेत, आणि नांगर चिखलात रुतलेला. पावसाळ्यापासून तीन कंट्रोलर जळले होते.

ट्रॅक्टरचे मालक जासई गावचे साठीचे शेतकरी होते. जमीन बंदरात आणि कंटेनरच्या गोदामांत गेल्यावर उरलेल्या तुकड्यात ते भात लावत. एरवी गोदामांची आवारं सपाट करण्याची कामं घेत. पहिला कंट्रोलर जळला तेव्हा पाणी शिरलं असेल असं धरून मी पेटीला रबर लावलं. दुसऱ्याच्या वेळी पेटीच वर सरकवली. तिसरा जळला तेव्हा ते बांधावर उभे होते.

"सायेब, यापेक्षा आमचा बैल बरा व्हता. बसला तं शेपूट तरी पिरगळता यायचं. तुमच्या डब्याला शेपूट कुटं हाय?"

चौथा कंट्रोलर आला तेव्हा शेठ म्हणाले, "हा लास्ट. यानंतरचा कधी येईल सांगता येत नाही." म्हणजे माझी सुटकाही त्याच खोक्यात होती. मी ते पिशवीत घालून सकाळच्या एसटीने जासईला गेलो.

अंगणात कंटेनर वाहणारा एक मोठा ट्रेलर ट्रॅक्टरला जवळजवळ चिकटून उभा होता. दोघांच्या बॅटऱ्यांना जाड केबल लावलेल्या होत्या. ट्रेलरच्या ड्रायव्हरने हात हलवला, "चलो काका, मारो!" मालकांनी किल्ली फिरवली. इंजिन एका झटक्यात सुरू झालं.

"तुमच्यासाठीच भायेर काढतोय," ते मला म्हणाले.

"हे रोज करता?"

"बॅटरीला खारं वारं लागतं, सकालची उठत नाय. हे लोक आमच्या हिरीचं पानी भरतात, जाता जाता स्टार्ट देतात."

ट्रेलरमध्ये दोन बॅटऱ्या जोडून चोवीस व्होल्ट येतात. ट्रॅक्टर बाराचा. स्टार्टर तेवढा धक्का सोसतो, इंजिन उलट लवकर धरतं. कंट्रोलर सोसत नाही. कधी पहिल्याच धक्क्यात जातो, कधी चार-सहा धक्क्यांनंतर. म्हणून दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात आला नव्हता.

"आधी सांगितलं का नाहीत?"

"तुमी इचारलंत लिफ्टचं. इंजिनाची काय तक्रार व्हती?"

मी एजन्सीतून नवी बॅटरी मागवून बसवली, केबलची टोकं घासून त्यांना व्हॅसलीन लावलं, कंट्रोलर बसवला. यापुढे ट्रेलरचा स्टार्ट घ्यायचा नाही, असं बजावलं. त्यांना ते पटेना.

"माझं पानी पितो तो मानूस. केबल घेऊन आला तं त्याला नको म्हनू? उद्या दारात थांबायचा नाय."

यावर मी बॅटरीच्या पेटीला पट्टी मारून कुलूप लावलं. किल्ली पनवेलला एजन्सीत असते असं ड्रायव्हरला सांगा, बॅटरी साफ करायला दर सोमवारी मी येईन, म्हटलं. त्यांनी कुलूप ओढून पाहिलं आणि मग खूश झाले.

"ह्ये बेस झालं. मी नाय अडवत, पनवेलवाला अडवतो!"

त्यानंतर कंट्रोलर जळला नाही. कापणीनंतरची नांगरणी झाली, आवारांची कामं सुरू झाली, तक्रार आली नाही. महिना संपायच्या आत मी शेठच्या केबिनमध्ये गेलो. त्यांनी ठरल्याप्रमाणे कपाट उघडलं. माझ्या प्रमाणपत्रांचं पाकीट वरच्या खणात होतं, मला दिसत होतं. त्याच्यावर जासईच्या कुलपाची किल्ली होती.

"जासईचा चालतोय बघून त्याच ट्रॅक्टरची आणखी दोन बुकिंग आली," शेठ म्हणाले. "तुझ्याशिवाय त्यातलं कळतं कुणाला?"

मी त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण करून दिली.

"उघडलं की कपाट," ते हसले. "अरे, मी कुठे तुला अडवतोय? बाँड अडवतो."

त्यांनी खणातली किल्ली उचलून माझ्या हातात ठेवली आणि कपाट लावून घेतलं. सोमवार होता. जासईची बॅटरी साफ करायचा वार.